फाशी मागताना



माळशिरसच्या तहसीलसमोर मोर्चात मी घसा फाटेस्तोवर ओरडलोय. फाशी द्या, फाशी द्या! ओरडताना बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. सूतगिरणीत रिंग खात्याच्या घरघरीत आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही, तो तिथं रस्त्यावर ऐकू येतो. पण त्याच दिवशी रातपाळीला गेलो आणि तुटलेला धागा जोडता जोडता डोक्यात किडा वळवळायला लागला. आपण दोर मागतोय, पण तो कुणाच्या गळ्याच्या मापाचा वळतात?

2017 चा नोव्हेंबर आठवा. तेव्हाचं अहमदनगर. 2014 साली खर्ड्यात आपल्या सतरा वर्षांच्या पोराला मारून झाडाला लटकवलं होतं. 23 नोव्हेंबरला त्या खटल्यातले सगळेच्या सगळे आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार एकामागून एक फिरले होते. सहा दिवसांनी, 29 नोव्हेंबरला, त्याच नगरच्या जिल्हा न्यायालयात कोपर्डीच्या खटल्यात तिघांना फाशी सुनावली. ते तिघं दलित. कोपर्डीच्या पोरीवर जे झालं त्यावर पांघरूण घालणाऱ्यातला मी नाही. जातभाई म्हणून गुन्हेगार माझा भाऊ होत नाही. पण सहा दिवसांच्या अंतरानं एका इमारतीतून बाहेर पडलेल्या दोन निकालांकडं बघून ज्याच्या पोटात कालवलं नाही, त्यानं आपलं पोट तपासून घ्यावं.

खैरलांजीचं काय झालं? 29 सप्टेंबर 2006. एका घरातले चार जण, आई, मुलगी, दोन मुलं. 2008 ला भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी दिली तेव्हा आपल्या वस्त्यांत समाधान होतं. पण त्याच निकालात ॲट्रॉसिटीचं कलम लागलं नाही, हे किती जणांनी वाचलं? जात मारणाऱ्यांच्या डोक्यात होती, गावाच्या डोक्यात होती, फक्त निकालात नव्हती. 2010 ला नागपूर खंडपीठानं फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद केली. आपण दोर गेला म्हणून रडलो. मला वाटतं रडायचं होतं ते कलमासाठी. फाशी देऊनसुद्धा गुन्ह्याचं खरं नाव लपवता येतं, हे तिथं कळलं.

आता दुसरी बाजू. 2003 साली नाशिकजवळ एका शेतावरच्या कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा मजूर धरले. खालच्या कोर्टात सहाही फाशी. हायकोर्टानं तिघांची ठेवली, तिघांना जन्मठेप. 2009 ला सुप्रीम कोर्टानं पुन्हा सहाच्या सहा फासावर नेले. आणि 5 मार्च 2019 ला तेच सुप्रीम कोर्ट म्हणालं, हे सहाही निर्दोष आहेत, सरकारनं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत. वाचलेल्या बाईनं पोलिसांकडच्या फोटोंतून सुरुवातीला भलतेच चौघं ओळखले होते. त्यांच्या मागं कुणी गेलंच नाही. सहातला एक गुन्ह्याच्या वेळी अठरासुद्धा पुरा नव्हता. सोळा वर्षं! मी पहिलीच्या आधीपासून गिरणीच्या गेटपर्यंत आलो तेवढा काळ ही माणसं आत होती. मधल्या काळात जल्लादाची तारीख लागली असती, तर पाच लाख कुणाच्या हातावर ठेवले असते?

आणि ज्यांची माणसं मेली त्यांना तरी काय मिळालं? खरे मारेकरी कोण ते कोर्टापुढं आलंच नाही. चुकीच्या माणसाला धरलं की बरोबरचा मोकळा फिरतो, एवढं साधं गणित.

भटक्यांनाच का धरलं हे सोलापूरकरांना सांगायला नको. 1871 च्या कायद्यानं जन्मताच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती आपल्या सोलापुरात तारेच्या कुंपणात सेटलमेंटमध्ये कोंडल्या होत्या. तिथनं माणसं गिरण्यांत कामाला जायची आणि पुन्हा हजेरीला. माझ्या धंद्याचा तो जुना इतिहास आहे. 1952 ला कायदा गेला, नजर गेली नाही.

बाबासाहेब 3 जून 1949 ला घटना समितीत काय बोलले ते आपल्यातले फार थोडे सांगतात. फाशीच्या अपिलांवर चर्चा चालली होती. ते म्हणाले, त्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्याला माझा पाठिंबा राहील. हा देश अहिंसेचं तत्त्व मानतो, आचरणात नसलं तरी मानतो, असं त्यांचं म्हणणं. ज्यांच्यावर सगळ्यांत जास्त हिंसा झाली त्यांचा पुढारी हे म्हणतो! बुद्धाकडं वळायच्या सात वर्षं आधी.

माझा एक दोस्त आहे, मोर्चात पुढं असतो. त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या भैणीवर आली असती तर?"

मी गप्प बसलो. मग म्हणलं, मी दोर मागितला असता, स्वतः ओढायला गेलो असतो. पण म्हणून कायदा माझ्या त्या रात्रीच्या डोक्यानं लिहायचा का? तो हसला नाही. मलाही पुरतं पटलं नव्हतं. अजून रात्री तो प्रश्न येतो.

पण रोजचं काय? 2021 च्या ऑगस्टमध्ये आपल्याच तालुक्यात माळेवाडीत मातंगाच्या प्रेताची स्मशानाची वाट अडवली, अशी घरच्यांची तक्रार. शेवटी ग्रामपंचायतीसमोर सरण रचावं लागलं. त्याला कुठली फाशी? आपल्यावरचे बहुतेक गुन्हे असे फाशीच्या खालचे असतात. 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता आली. पाच जणांनी मिळून जातीवरून खून केला तर फाशी नाहीतर जन्मठेप, असं वेगळं लिहिलं. साध्या खुनाला आधीपासून तेच होतं की!

माझ्या चुलत्याला मजुरी मागितली म्हणून मारलं. ठाण्यात नुसती एनसी लिहिली. वीस दिवस हेलपाटे घातल्यावर ॲट्रॉसिटी लागली. कोर्टात शेजारची काकी साक्षीला उभी राहिली आणि म्हणाली, मी काय बघितलं नाही. ती ज्याच्या उसात खुरपायला जाते, त्याच्याच पोरानं मारलं होतं. संध्याकाळी आमच्या दारात येऊन रडली. आईनं तिला चहा दिला. मला तेव्हा राग आला होता, आता आईचं बरोबर वाटतं. खर्ड्याचे साक्षीदारही असेच कुणाच्या ना कुणाच्या बांधावर पोट भरत असतील. आरोपीला फाशी होणार आहे म्हटल्यावर काकीची जीभ सैल झाली असती की आणखी अडकली असती?

1995 च्या नियमांत साक्षीदाराला येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी द्यायचं लिहिलंय. 2015 च्या दुरुस्तीनं साक्षीदाराला संरक्षणाचा हक्क दिला. काकीला ना भाडं मिळालं, ना कुणी सांगितलं.

पुढच्या मोर्चासाठी मी फलक लिहिला: साक्षीदाराची मजुरी द्या, संरक्षण द्या, कलम पहिल्या दिवशी लावा. दोस्त म्हणाला, "ही घोषणा न्हवं गड्या, हा अर्ज झाला."

म्हणलं, मग अर्जच. काकीचा अंगठा घेऊन ठेवलाय. सोमवारी सुट्टी आहे, कोण येतंय बरोबर?