चिमूटभर धूप

गेल्या वर्षी याच अंकात मी गुरुवारच्या पूजेवर लिहिलं होतं. यंदाचा विषय जरा लांबचा आहे, थेट रोमचा. भक्तमंडळींनी सांभाळून घ्यावं. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. बी. कॉम. झालो, बँकेत कारकुनी केली, आणि निवृत्तीनंतर वाचनाचा नाद लागला, एवढंच.

मला या विषयात ओढलं ते एका दाखल्याने. इ. स. २५० च्या सुमारास डेशियस या रोमन सम्राटाने हुकूम काढला की सगळ्यांनी देवांना बळी द्यावा, प्रसाद खावा आणि तसं केल्याचा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत पपायरसवरचे असे चाळीसहून जास्त दाखले सापडले आहेत. अर्जदाराचं नाव, गाव, आपण देवांना कायम भजत आलो असं निवेदन, खाली सही आणि तारीख. नमुना ठरलेला, नाव तेवढं भरायचं. मला आमच्या पेन्शनीचा हयातीचा दाखलाच आठवला. ख्रिस्ती लोकांची मात्र यात कोंडी झाली. कुणी बळी दिला, कुणी पैसे चारून कागद मिळवला, कुणी तुरुंगात गेलं, कुणी जिवानिशी. काहींनी नुसता चिमूटभर धूप घालून सुटका करून घेतली, आणि पुढे त्यांच्याच मंडळींत त्यांच्याकडे बोट दाखवलं गेलं.

याच्या आधीच, इ. स. २१२ च्या सुमारास, कार्थेजच्या टर्टुलियनने एका रोमन अधिकाऱ्याला लिहिलं होतं की ज्याला जे पटेल त्याची उपासना करणं हा माणसाचा हक्क आहे आणि धर्माची सक्ती करणं हे धर्माचं काम नाही. हे वाचलं तेव्हा मी मान डोलावली. पुढे ३१३ साली कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या दोघा सम्राटांनी ख्रिस्ती आणि इतर सगळ्यांनाच उपासनेची मोकळीक दिली. तिथेच गोष्ट थांबली असती तर मी हा लेख लिहिला नसता.

ती थांबली नाही. ३८२ साली ग्रेशियन सम्राटाने रोमच्या सिनेटमधली विजयदेवतेची वेदी हलवली आणि जुन्या पूजाअर्चेचं सरकारी अनुदान बंद केलं. ३८४ मध्ये रोमचा नगरप्रमुख सिम्माकस याने वेदी परत मिळावी म्हणून अर्ज केला. त्याचं म्हणणं साधारण असं की सगळे एकाच आकाशाखाली राहतो, एवढं मोठं गूढ एकाच वाटेने हाती लागत नाही. आपल्याला हे कसं घरचं वाटतं! पण मिलानचा बिशप अ‍ॅम्ब्रोज आडवा आला. तेरा वर्षांच्या बालसम्राटाला त्याने बजावलं की वेदी परत दिलीस तर चर्चमध्ये तुझं स्वागत होणार नाही. अर्ज नामंजूर.

मी आधी सरळ सिम्माकसच्या बाजूने होतो. आता तेवढा नाही. अ‍ॅम्ब्रोजचा एक मुद्दा खरा आहे: सिनेटमधल्या ख्रिस्ती सभासदांनी त्या वेदीचा धूर का सोसावा? आणि दुसरं, डेशियसच्या काळात त्याच सिनेटमधून वाटा अनेक असतात असं कुणी उठून बोलल्याचं माझ्या वाचनात नाही. टर्टुलियनची मंडळी दुबळी होती तेव्हा त्याला हक्क आठवला, सिम्माकसची दुबळी झाली तेव्हा त्याला. बळ हातात असताना समोरच्याला जागा कोण देतो, हा खरा प्रश्न. तो एका धर्माचा नाही.

३९२ च्या नोव्हेंबरात थिओडोशियस सम्राटाचा कायदा आला. तो वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. बळी आणि देवळं सोडाच, घरातल्या कुलदेवतांपुढे गुपचूप दिवा लावणं, धूप घालणं, माळ चढवणं यालासुद्धा बंदी. झाडाला फीत गुंडाळायलाही बंदी. ज्या घरात असा धूप जळेल ते घर सरकारजमा. दीडशे वर्षांपूर्वी जो चिमूटभर धूप घातला नाही म्हणून माणूस तुरुंगात जात होता, तोच घातला म्हणून आता घर जात होतं. कायद्याने लोक लगेच बदलले असं मात्र नाही. ६०१ सालीसुद्धा पोप ग्रेगरी इंग्लंडमधल्या आपल्या माणसांना कळवतो की देवळं पाडू नका, मूर्ती तेवढ्या फोडा आणि त्याच जागी आपलं मंदिर करा, म्हणजे लोक सवयीने येत राहतील. धोरण शहाणपणाचं, पण मूर्ती फुटलीच.

आता घरची गोष्ट. लग्न होऊन सौभाग्यवती आमच्याकडे आली तेव्हा तिने माहेरच्या देवीचा चांदीचा टाक बरोबर आणला होता. आई म्हणाली, आपल्या देव्हाऱ्यात आपलेच देव. मी पंचविशीतला, कमावता. एक शब्द बोललो असतो तर आईने ऐकलं असतं. बोललो नाही, उलट मलाही ते बरोबरच वाटलं. टाक कपाटात गेला.

तो कायदा वाचला त्या संध्याकाळी मी तिला विचारलं, तुझा तो टाक कुठे आहे गं? ती वाती वळत होती. म्हणाली, "अहो, तो दुसऱ्याच वर्षी भावाकडे दिला. कपाटात ठेवून काय करायचं? तिथे रोज दिवा तरी लागतो." मी म्हटलं, मागवून घेऊ का? तिने वात तुपात बुडवली आणि म्हणाली, "आता त्यांच्या घरचा झाला तो."