फुरसतीची मालकी

आमचे थोरले काका मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि जमाबंदीच्या दिवसांत ज्या माणसाला धड जेवायला उसंत मिळत नसे, तोच माणूस श्रावण लागला की संध्याकाळी कचेरीतून परतल्यावर टोपी खुंटीला अडकवून, धोतराचा सोगा खोचून, मागच्या पडवीत शाडूच्या गोळ्यापुढे मांडी घालून बसे. वर्षाला एकच गणपती ते करीत, आणि तोही साच्यावाचून. पाटावर बैठक आणि पोट उभे करायचे, हात आणि सोंड मागाहून जोडायची, बांबूच्या कोरणीने पितांबराच्या चुण्या पाडायच्या, मूर्ती सावलीत सुकली की रंगाला हात घालायचा, आणि सर्वांत शेवटी, चतुर्थीच्या आदल्या रात्री, डोळ्यांची आखणी करायची, हा त्यांचा क्रम कधी चुकला नाही. आखणीला ते कुंचला घेत नसत. मोडी लिहिण्याचा बोरू नव्याने तासून, काळ्या रंगात टेकवून, श्वास रोखून ते भुवईची रेषा एका ओढीत काढीत. दिवसभर कुळांची खाती आणि थकबाकीचे आकडे उतरवून ज्या बोटांना वळण लागले होते, तीच बोटे त्या घटकेला देवाला दृष्टी देत. या उद्योगाला आजी ‘खूळ’ म्हणे, शेजारी ‘नाद’ म्हणत, कचेरीतले लोक ‘हौस’ म्हणत, ड्रॉइंगचे मास्तर ‘कला’ म्हणत, आणि शाळेच्या निबंधात मी त्याला ‘छंद’ म्हटले.

एकाच कृतीला पाच नावे का असावीत, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षांनी पडला. ‘छंद’ शब्दाचा मूळ अर्थ इच्छा, मर्जी. ‘स्वच्छंद’ म्हणजे स्वतःच्या मर्जीने वागणारा. मराठीत मात्र तो फार काळ सोज्ज्वळ नव्हता, आणि ‘छंदीफंदी’ हे विशेषण ज्या मुलाला चिकटे त्याला घरंदाज घरातली मुलगी मिळणे कठीण जाई. ‘हौस’ मूळची अरबी ‘हवस’, म्हणजे वासनेचीच सख्खी बहीण. पण फारसीच्या वाटेने मराठी घरात शिरल्यावर ती इतकी सालस झाली की डोहाळजेवणापासून दिवाळीच्या फराळापर्यंत तिच्यावाचून पान हलेना. ‘व्यसन’ शब्द याच्या उलट दिशेने गेला. संस्कृतात विद्येचेही व्यसन असू शके. मराठीत तो गुत्त्याच्या दारात जाऊन बसला. शब्दांच्या या चढउताराचे कारण त्या कृतीच्या बऱ्यावाईटपणात शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. ती कृती ज्या वेळात केली जाते तो वेळ कोणाच्या मालकीचा समजला जातो, हे पाहिले म्हणजे मात्र गुंता पुष्कळसा उकलतो.

कौटिल्याने राजाच्या दिवसाचे आठ आणि रात्रीचे आठ भाग पाडले, प्रत्येक भागाला त्याचे काम नेमून दिले, आणि दिवसाचा सहावा भाग, म्हणजे आपल्या हिशेबाने जेमतेम दीड तास, स्वैरविहारासाठी राखला. पण तोही बिनशर्त नव्हे, कारण त्याच वेळात मंत्रणा केली तरी चालेल अशी पुस्ती त्याने जोडली. मनुस्मृतीने राजाच्या कामज व्यसनांची दहा नावे दिली आहेत, त्यांत शिकार, जुगार आणि मद्य यांच्या पंक्तीला नृत्य, गीत आणि वाद्य हेही बसविले आहे, आणि शेवटी ‘वृथाट्या’, म्हणजे निष्कारण भटकणे. डोंगरदऱ्या तुडविणाऱ्या माझ्या मित्रमंडळींना हे मी मुद्दाम ऐकवतो. गाणे वाईट असा या यादीचा अर्थ नाही. राजाचा वेळ राज्याचा आहे, आणि त्यातून घटकाभर काढणे ही दौलतीतली अफरातफर आहे, असा तो हिशेब आहे.

वात्स्यायनाचा नागरक हा याच देशातला, पण त्याच्यावर असा कोणाचा दावा नाही. त्याची मिळकत दान, जय, व्यापार, वेतन यांपैकी कशातून किंवा वाडवडिलांकडून आलेली आहे हे कामसूत्र आधीच सांगून मोकळे होते, आणि मग आपल्याला त्याच्या खोलीत नेते. तिथे खुंटीला वीणा टांगलेली आहे, चित्रफलक आणि रंगांची पेटी आहे, एखादी पोथी आहे, बाहेर पक्ष्यांचे पिंजरे आहेत. जेवणानंतर तो पोपटमैनांना बोलायला शिकवितो, आणि लावे, कोंबडे व मेंढे यांच्या झुंजी पाहतो. चौसष्ट कलांचे कौतुक सगळेच करतात. मला मात्र त्या वर्णनातली एक लहानशी जागा फार बोलकी वाटते. नागरकाच्या घरात एकीकडे, एकांतात, सुतारकामाचीही सोय असावी, असे तिथे सांगितले आहे, आणि ती करमणुकीसाठी! ज्या वाकसाने गावचा सुतार नांगर तासून बलुते मिळवी, तेच हत्यार नागरकाच्या हाती आले की कला होई. लाकूड तेच आणि ढलपीही तीच. पण सुताराचा दिवस गावकीकडे गहाण होता, आणि आपल्या मनासारखे एखादे खेळणे करायला तो बसलाच, तर पाटलाच्या दृष्टीने तो कामचुकार ठरे. पुढे पेशवाईतही हाच दंडक चालला. सवाई माधवरावांचा पर्वतीजवळचा शिकारखाना हा धन्याचा षौक होता. त्यांच्या पदरच्या एखाद्या फडनिसाने तबकडीत फुलपाखरे जमविली असती, तर त्याला वेडगळ म्हटले असते.

हा दंडक मोडला तो कचेरीच्या घड्याळाने. इंग्रजी अंमलाने आपल्याला बरेवाईट पुष्कळ दिले, त्यात ‘अकरा ते पाच’ ही वस्तू फारशी कोणाच्या नजरेत भरत नाही. सरकारने दिवसातले काही तास पगार देऊन विकत घेतले, आणि विकत घेतले म्हणूनच उरलेले तास विकलेले नाहीत हे प्रथमच उघड झाले. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ गृहस्थांनी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. पहिले चिटणीस ई. एच. एटकिन हे जकात आणि मीठ खात्याचे अंमलदार, आणि पुढल्याच वर्षी संस्थेला बिऱ्हाड मिळाले ते फिप्सन नावाच्या मद्यविक्रेत्याच्या पेढीत. शिंगे, कातडी, किडे आणि पक्ष्यांची अंडी दारूच्या दुकानात मांडून बसलेली ही मंडळी कामकाजाच्या वेळेबाहेर जे करीत होती, त्यातून या देशातल्या पशुपक्ष्यांचे पहिल्या प्रतीचे दफ्तर उभे राहिले.

विष्णु नारायण भातखंडे यांचे उदाहरण मला याहून जवळचे वाटते. १८६० साली जन्मलेला हा मुंबईचा वकील, पारशी मंडळींनी चालविलेल्या गायनोत्तेजक मंडळीत चोविसाव्या वर्षापासून जाऊ लागला, आणि दिवसा अशील व संध्याकाळी उस्ताद अशी त्याची वाटणी कित्येक वर्षे चालली. पत्नी आणि मुलगी दोघीही गेल्यावर त्यांनी वकिली सोडली आणि १९०४ साली दक्षिणेचा दौरा केला. ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’चे चार भाग त्यांनी मराठीत आणि गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिले, ते वाचताना मला पदोपदी कोर्टाची आठवण होते. एका घराण्याची जबानी घ्यायची, तिला दुसऱ्या घराण्याची जबानी लावून पाहायची, जुन्या ग्रंथाचा लेखी पुरावा काढायचा, तो आजच्या गळ्याशी जुळत नसेल तर तसे स्पष्ट नोंदवायचे, आणि मगच दहा थाटांचा निकाल द्यायचा, ही उलटतपासणी वकिलाचीच. काकांचा बोरू जसा कचेरीतून पडवीत आला, तशीच ही. उस्तादांनी चिजा लपविल्या म्हणून त्यांना नावे ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, ती मला अन्यायाची वाटते. चीज ही त्यांची शेतीवाडी होती. भातखंड्यांनी ती स्वरलिपीत घालून छापली आणि दुसऱ्या दिवशी त्यांची चूल विझली नाही, इतकाच दोघांतला फरक. हौशी माणसाच्या औदार्यामागे बहुधा दुसरीकडची मिळकत असते, हे नागरकाच्या काळापासून चालत आले आहे.

ज्यांचे सर्वच तास विकले गेले होते त्यांची गोष्ट निराळी. गिरणीकामगाराला आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून अर्ज, सभा आणि ‘दीनबंधु’तले लेख यांचा तगादा लावला, तेव्हा १८९० साली रविवार मोकळा झाला. त्या रविवारात परळ-लालबागच्या चाळींतली भजने, कोकणातून आलेले बाल्यानाच, आखाडे आणि तमाशाचे फड मावले. दोनशे वर्षे आधी त्यांचे पूर्वज गावी हेच करीत असतील; पण तेव्हा तो सण होता, आणि आता ती फुरसत होती, अर्ज करून मिळविलेली.

बायकांच्या फुरसतीचा अर्ज मात्र कोणी केला नाही. आमची काकू गोधड्या शिवी. जुन्या लुगड्यांच्या काठांचा चौकोनात चौकोन बसवून, टाका इतका सारखा की सुईने मोजून घातल्यासारखा. तिच्या या कामाला खूळ, नाद, हौस, कला, छंद यांपैकी एकही नाव मिळाले नाही. ते नुसते ‘काम’ होते, कारण घड्याळ कुठेच थांबत नसे. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी यांनी घरोट्यावर दळताना आणि शेतात राबताना गाणी रचली. लिहिणे त्यांना येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी ती टिपून ठेवली, आणि १९५१ साली बाई वारल्यावर पुढल्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रयत्नाने ती छापून आली. ‘मोकळ्या वेळात कविता करीत’ असे त्यांच्याविषयी लिहिण्याचा मोह एखाद्या चरित्रकाराला व्हायचा. पण त्यांना मोकळा वेळ असा नव्हताच, आणि गाणे झाले ते जात्याच्या फेऱ्यात, वैरणीची मूठ घालता घालता. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो की मला हे आठवते. चष्म्याचे दुकान चालविणारे आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास सुरू केलेला हा संग्रह. राजा हे त्यांच्या अकाली गेलेल्या मुलाचे नाव. गावोगाव हिंडून, स्वतःचा पैका घालून त्यांनी दिवे, कुलपे, अडकित्ते आणि पाय घासायच्या वज्र्या जमविल्या, आणि पुढे सारे सरकारच्या स्वाधीन केले. एकेका वज्रीवर हत्ती, मोर, घोडेस्वार काय सुबक बसविले आहेत! तिथल्या काचेपलीकडे कोण्या तांबटाची ती जास्तीची दोन घटकांची चोरी आहे, असे मी मनाशी म्हणतो. वज्री घासायला नुसती खरखरीत असली तरी पुरली असती.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्याकडे वेळ चोरण्याची युक्ती सर्वांत सरस होती. ते गणिताचे प्राध्यापक, आधी फर्ग्युसनमध्ये आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. राहणे पुण्यात, त्यामुळे डेक्कन क्वीनची ये-जा. संख्याशास्त्राचा अभ्यास पक्का व्हावा म्हणून त्यांना हाताखाली काहीतरी मोजायला हवे होते, तेव्हा त्यांनी नाणी तोलायला घेतली. नाणे हातोहात फिरताना झिजते, आणि झिजेवरून ते किती काळ चलनात होते याचा अंदाज बांधता येतो, असा तो सरळ व्यवहारी विचार. चलनातल्या साध्या नाण्यांनंतर तक्षशिलेच्या ठशांच्या नाण्यांची पाळी आली. मग ती पाडली कोणी हे कळावे म्हणून इतिहास, इतिहासासाठी संस्कृत, आणि संस्कृतात शिरल्यावर भर्तृहरीच्या सुभाषितांची १९४८ सालची चिकित्सक आवृत्ती. पुण्याच्या टेकड्यांवर हातात लोखंडी टोकाची काठी घेऊन ते चालत, आणि वाटेत सापडलेल्या गारगोटीच्या हत्यारांवरून व शेंदूर फासलेल्या ग्रामदेवतांवरून जुन्या वाटांचा माग काढीत. १९६२ च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’त हे सारे उतरले आहे. मनूची वृथाट्या हीच. कित्येक गणिती म्हणत की कोसंबींनी इतिहासापायी गणित सोडले, आणि कित्येक इतिहासकार म्हणत की हा उपरा आहे. दोन्ही तक्रारी मालकीच्या होत्या.

काकांवर अशी फिर्याद कोणी केली नाही, पण एका वर्षी ती त्यांनी स्वतःच ओढवून घेतली. मुलीच्या लग्नाचे देणे अंगावर होते, आणि कोणीतरी सुचविले म्हणून त्यांनी अकरा गणपतींची आगाऊ रक्कम घेतली. त्या श्रावणात पडवीत रात्री उशिरापर्यंत कंदील जळे. एक गिऱ्हाईक मूर्ती ठरल्यापेक्षा दोन बोटे बुटकी झाली म्हणून हुज्जत घालून गेले. आणि आम्हा मुलांना तिकडे फिरकायची बंदी झाली.

ते गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत कोरण्यांखाली एक लांबोडी वही सापडली. कचेरीच्या शिस्तीने तिच्यात रकाने आखलेले होते: साल, शाडू, कापूस, रंगाचा खर्च, दिवस, शेरा. कापूस घालून माती मळून देणारी काकूच, दरसाल. तिच्यासाठी रकाना नव्हता. अकरा मूर्तींच्या त्या वर्षासमोर लिहिले होते, ‘कामे मुदतीत पुरी. घरची मूर्ती विकत आणली.’ आणि त्याच्या खालच्या ओळीत, पुढल्या वर्षी, त्याच बोरूने: ‘एक. सोंड किंचित डावीकडे झुकली. तशीच राहू दिली.’