तिघांचा एक गडी

एका दगडात दोन पक्षी मारणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. माझी अडचण उलटी आहे. पक्षी एक आणि दगड तीन. दहा ते पाच मी बँकेचा. पहाटे आणि रात्री कथेचा. आणि उरलेला सगळा वेळ, जो मुळात उरतच नाही, तो शेरलॉक होम्सचा. होम्सच्या 56 कथा आणि 4 कादंबऱ्या मी किती वेळा वाचल्या हे कृपा करून विचारू नका. आमच्या घरात हा प्रश्न फक्त भांडणात विचारला जातो.

तुम्ही म्हणाल, यात नीतीचा प्रश्न कुठे आला? वेळापत्रक करा की! केलं. अँथनी ट्रोलप नावाचा इंग्रज कादंबरीकार 1834 ते 1867 पोस्टात नोकरीला होता. हा गृहस्थ पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना 250 शब्द काढायचा. हे वाचून मीही घड्याळ मांडलं. पण ट्रोलपनं आत्मचरित्रात आणखी एक गोष्ट सांगितली आहे. त्याला पहाटे उठवून कॉफी देणारा एक म्हातारा नोकर होता आणि त्या कामाचे त्याला वर्षाला 5 पौंड जादा मिळत. आमच्याकडे साडेपाचला नळाला पाणी येतं. 250 शब्दांच्या वेळात दोन पिंपं आणि एक घागर भरते.

शिवाय कथा काही हजेरीपटावर सही करून येत नाही. ती येते बारा वाजता, काउंटरपुढे वीस माणसं उभी असताना. आता तुम्हीच सांगा, तिला हाकलायचं की आत घ्यायचं? कागद माझा, पेन माझं. पण डोकं कोणाचं? पगारपत्रकात मूळ पगार आहे, महागाई भत्ता आहे, घरभाडं आहे. डोक्याचं भाडं असा रकाना मला अजून सापडलेला नाही.

मोठ्या माणसांनी हे हिशेब नीट ठेवले. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. खगोलशास्त्रज्ञाची पत कथालेखकाच्या खात्यावर वळती होऊ नये एवढीच काळजी. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. माझी पत दोन्ही खात्यांत सारखीच असल्यामुळे तो प्रश्न येत नाही. पण माझ्यापुढचा प्रश्न निराळा आहे.

जोडखातं उघडताना आम्ही ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असा शिक्का मारतो. म्हणजे दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो. नवी जोडपी हसत हसत त्याखाली सही करतात. मग काही वर्षांनी एखादी बाई मृत्यूचा दाखला घेऊन येते आणि विचारते, “साहेब, ह्यांचं नाव काढावंच लागतं का हो?” त्या क्षणी काउंटरमागे आम्ही दोघं असतो. एक कारकून, जो अर्ज शोधतो. दुसरा कथाकार, जो मनातल्या मनात म्हणतो, वा! काय वाक्य आहे!

त्या ‘वा’ची मला भीती वाटते. वेळेची चोरी बँक फार तर पगारातून कापून घेईल. पण दुसऱ्याचं दुःख कच्चा माल म्हणून उचललं, तर ते कुठल्या खात्यातून वजा करायचं?

इथे माझ्या मदतीला आला तो तिसरा धनी. कॉनन डॉयल पेशानं डॉक्टर. होम्सपायी आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या मागे पडतात म्हणून वैतागला आणि 1893 साली त्यानं होम्सला स्वित्झर्लंडमधल्या धबधब्यात ढकलून दिलं. वाचक खवळले. 1903 साली त्याला होम्स जिवंत करावा लागला. पुढे बेकर स्ट्रीटवरच्या त्या पत्त्यावर ॲबे नॅशनल ही घरकर्ज देणारी संस्था आली, तर होम्सच्या नावे पत्रं येतच राहिली. शेवटी संस्थेनं उत्तरं द्यायला पगारी माणूस नेमला! नोकरी, कथा आणि भक्ती, तिन्ही एका खुर्चीवर. अशी जागा आमच्या बँकेत निघाली तर मी बढती नाकारून अर्ज करीन.

पण फरक ध्यानात घ्या. होम्स लोकाग्रहास्तव परत येतो. जोडखात्यातला माणूस येत नाही. कितीही पत्रं लिहा.

म्हणून मी आपला टोकनचा नियम लावला आहे. समोर जिवंत माणूस उभं असेल तर पहिलं टोकन त्याचं. आधी खुर्ची, मग पाणी, मग अर्ज. ते वाक्य तिचं आहे. ते जसंच्या तसं कथेत जाणार नाही. त्यातून मला काय कळलं, तेवढं माझं. दुसरं टोकन कथेचं. ती खरी असेल तर रात्रीपर्यंत थांबते, आणि थांबली नाही तर तिचीही फारशी निकड नव्हती असं समजायचं.

होम्सचं टोकन शेवटचं. जो धबधब्यात दहा वर्षं थांबला, तो रविवार दुपारपर्यंत थांबायला हरकत नसावी.