गृहीत स्वर आणि साधलेला स्वर

संगीतलेखनाच्या सॉफ्टवेअरमधील मूळ मांडणी सप्तकाचे बारा समान भाग, म्हणजे प्रत्येकी १०० सेंट (सेंट हे स्वरांतर मोजण्याचे एकक), गृहीत धरते, आणि ती न बदलणारा लेखक, नकळत का होईना, स्वराच्या सत्याविषयीचा एक निर्णय स्वीकारतो. स्वराच्या सत्याचा हाच प्रश्न सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मधील आपल्या इंग्रजी ग्रंथात बावीस श्रुतींच्या, म्हणजे कानाने ओळखता येणाऱ्या सूक्ष्म स्वरस्थानांच्या, निमित्ताने हाताळला. गायक अब्दुल करीम खाँ यांचे गायन देवलांना प्रमाण वाटे, आणि साताऱ्यास न्यायाधीश असलेल्या ई. क्लेमेंट्स यांनी हा विचार पुढे नेऊन श्रुती-हार्मोनियम करवून घेतली. तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गांधार सुमारे ३८६ सेंटांवर, तर समभाग पेटीचा ४०० वर असतो, हे अंतर सुजाण कानाला खटकणारे आहे. तरीही १९१६ च्या बडोदे संगीत परिषदेत क्लेमेंट्स यांची श्रुती-हार्मोनियम टिकली नाही, आणि ते न्याय्यच होते, कारण बारांऐवजी बावीस स्थाने पक्की केल्याने गृहीतक बदलते, गृहीत धरणे संपत नाही. रागातील स्वर मींडेत आणि आंदोलनात, म्हणजे हलत्या उच्चारात, साधला जातो. म्हणून सॉफ्टवेअर वापरणाऱ्याने प्रत्येक रागासाठी मांडणी नव्याने ठरवावी आणि तिची तपासणी तंबोऱ्यावरच करावी.