उत्तर मराठीतच द्या

मराठी शिकायला जपानहून जी मोजकी माणसं येतात, ती नोकरीच्या आशेनं येत नाहीत. पुण्यात जपानी शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या पायऱ्या चढताना पुढची नोकरी दिसत असते, आणि त्यात गैर काहीच नाही. तोक्योहून इकडे येणाऱ्याला मात्र मराठी येते म्हणून कुणी पगार वाढवून देत नाही. तो येतो मोडी कागदांसाठी, विठोबासाठी, दलित साहित्यासाठी. हिरोशी फुकाझावा यांनी १९६०च्या दशकातच अठराव्या शतकातल्या मराठी राज्यातली जमीन आणि शेतकरी यांवर लिहिलं. हिरोयुकी कोतानी वतनव्यवस्थेत शिरले, इवाओ शिमा विठोबाच्या भक्तीकडे वळले, हिदेआकी इशिदा यांनी जपानी विद्यार्थ्यांसाठी मराठीचं शब्दसंग्रहाचं पुस्तक केलं. मिचिहिरो ओगावा यांनी तर पुणे विद्यापीठातूनच पीएच.डी. केली, इंदापूर परगण्याची मोडी कागदपत्रं वाचली आणि त्या अभ्यासावरचं त्यांचं जपानी पुस्तक २०१९ मध्ये नागोयाहून निघालं. आपल्या पणजोबांच्या हातची मोडी ओळ आज किती मराठी घरांत वाचता येते?

या माणसांना मराठी अवघड जाते, पण आपण समजतो त्या जागी नाही. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबा भाव्यांनी हे फार आधी हेरलं होतं. त्यांनी जपानी शिकायचा प्रयत्न केला आणि तिची वाक्यरचना आपल्या भाषांसारखीच आहे, क्रियापद शेवटी येतं, प्रत्यय नामाच्या मागून येतात, तेव्हा ती नागरीत लिहायला हरकत नाही, असं ते सांगत. लिपीचा मुद्दा जपान्यांना पटण्यासारखा नव्हता. निरीक्षण मात्र अचूक होतं. 'पुण्याहून' म्हणायला जपानी माणूस 'पुने कारा' म्हणतो, 'पुण्यापर्यंत'ला 'पुने मादे'. 'वाचून बघ' ही आपली रोजची लकब इंग्रजीत नेताना मोडते. जपानीत 'योन्दे मिरु' म्हणजे अक्षरशः वाचून बघणं, 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणं, 'ताबेते शिमाऊ' म्हणजे खाऊन टाकणं. पावसासाठी आपल्याकडे धो धो आणि रिमझिम आहे, तसं त्यांच्याकडे झा-झा आणि शितो-शितो आहे. तोक्योतल्या राष्ट्रीय जपानी भाषा व भाषाशास्त्र संस्थेतले भाषाशास्त्रज्ञ प्रशांत परदेशी यांनी या दोन भाषांच्या तुलनेवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. तरीही आपल्या शाळांत भाषांची तुलना करायची वेळ आली की मराठीच्या शेजारी इंग्रजीच बसवली जाते, आणि आपलं व्याकरण आपल्यालाच आडवळणाचं वाटू लागतं.

अडतं ते लिंगापाशी. भिंत ती, दरवाजा तो आणि घर ते, हे जपानी कानाला कुठल्याच नियमात बसत नाही. वेल आणि वेळ, पात आणि पाट यांतला फरक ऐकू यायलाच महिने जातात. 'चार'मधला च आणि 'चमचा'मधला च हे दोन्ही उच्चार जपानी तोंडाला येतात, कारण त्यांच्याकडे 'चि' आणि 'त्सु' आहेतच. पण आपलं अक्षर एकच असल्यामुळे कुठला च कुठे, हे पुस्तक सांगत नाही. ते माणसाकडूनच कळतं.

रीतिरिवाजांचं असंच आहे. जपानी माणसं आडून बोलतात आणि आपण तोंडावर, असं म्हणायची पद्धत पडली आहे. पण लग्नघरात किंवा कचेरीत 'बघू', 'जमवतो', 'कळवतो' ही उत्तरं ज्यानं ऐकली आहेत, त्याला जपानी 'विचार करून ठेवतो'मधला नकार ओळखायला वेळ लागू नये. दोन्हीकडे अनोळखी माणसाला काका, मावशी, ताई म्हणतात. दोन्हीकडे समोरचा बोलत असताना हुंकार द्यावा लागतो, नाहीतर तो थांबतो. खरा फरक सर्वनामात आहे. जपानी माणूस 'तुम्ही' म्हणणंच टाळतो आणि नावापुढे 'सान' लावून किंवा हुद्द्यानं हाक मारून वेळ निभावतो. आपल्याकडे आईला तू, विठोबाला तू आणि शेजारच्या काकांना तुम्ही. आदरापासून जवळिकीपर्यंतची ही वाट कधी चालायची, हे शिकणाऱ्यानं ठरवायचं नसतं. समोरच्यानं 'अहो-जाहो नको' म्हणावं लागतं. म्हणजे अर्धी भाषा शिकणाऱ्याच्या हातात असते, अर्धी उत्तर देणाऱ्याच्या.

आणि उत्तर देणारे आपण इथेच कमी पडतो. परदेशी माणूस दुकानात नीट मराठीत भाव विचारतो आणि त्याला उत्तर मिळतं इंग्रजीत किंवा हिंदीत. त्यामागे तुसडेपणा नसतो. पाहुण्याला त्रास नको, ही भावना असते. फार तर 'किती छान मराठी बोलता!' असं कौतुक होतं आणि बोलणं तिथेच संपतं. जपानमध्ये गेलेल्या मराठी मुलांनाही हाच अनुभव येतो: दोन वाक्यं बोलली की 'निहोंगो जोझु देसु ने' अशी शाबासकी मिळते आणि पुढचा संवाद इंग्रजीत होतो. कौतुकानं शिकणारा पाहुणाच राहतो. त्याला हव्या असतात चूक सुधारणाऱ्या, पुन्हा विचारायला लावणाऱ्या, मराठीतच चालू राहणाऱ्या गप्पा.

म्हणून असं वाटतं की मराठी शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यानं पुण्याआधी रायगड जिल्ह्यातल्या माणगावला यावं. कारण भावनिक नाही. माणगाव तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गालगत, वडघरला साने गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक आहे आणि गुरुजींचं आंतरभारतीचं स्वप्न ते पुढे नेत आहे. तमिळ गुरुजी वर्गात बसून शिकले नाहीत. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडच्या सत्याग्रहींच्या सहवासात ते तिच्याकडे वळले आणि पुढे 'कुरल' मराठीत आणलं. प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात हा आंतरभारतीचा विचार त्यांनी १९४९च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात मांडला. पुढच्याच वर्षी ११ जूनला ते गेले. त्यांची कल्पना भारतातल्या प्रांतांपुरती होती, पण तिचं तत्त्व देशाच्या सीमेशी थांबत नाही.

शिवाय माणगावात भाषांची ये-जा आहेच. विळे-भागाडच्या औद्योगिक वसाहतीत पोस्को ही कोरियन पोलाद कंपनी आहे. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात राज्यभरातली मुलं आपापली मराठी घेऊन येतात. आणि तालुक्यातल्या कातकरी आदिवासींच्या वाड्यांवर कातकरी भाषा बोलली जाते.

या शेवटच्या गोष्टीपाशी थांबायला हवं. वाडीवरचं सहा वर्षांचं मूल पहिलीत येतं, तेव्हा तेही दुसरी भाषा शिकायला आलेलं असतं. बालभारतीच्या पुस्तकातली मराठी त्याच्या घरात नाही. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामाला गेले की त्याची शाळा तुटते आणि तोवर जमलेले शब्द मागे पडतात. जपानी विद्यार्थ्यानं लिंग चुकवलं तर आपण हसून सांभाळून घेतो; या मुलानं चुकवलं तर 'शुद्ध बोल' म्हणतो. शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं, असं २००९चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. पण मुलाच्या भाषेत त्याला उत्तर देऊ शकणारे शिक्षक असल्याशिवाय ते कलम वर्गात उतरत नाही. भाषा शिकण्यातल्या अडचणींबद्दल जपानी पाहुण्याचं मत आपण आवर्जून विचारतो. तेच या मुलाला विचारलं, तर शिकवण्याबद्दल कितीतरी कळेल.

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. परिसंवाद आणि ग्रंथ होतीलच. त्यांवरच्या खर्चातला थोडा पैसा वडघरसारख्या जागी निवासी मराठी शिबिराला मिळावा. तिथे मराठी कशी शिकली जाईल, यासाठी हिवाळ्यात शेतात पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगा) लागते तेव्हाचं चित्र पाहा: मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, पुन्हा पाला, मडकं उलटं करून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. आण, धर, दाब, अजून नाही, आता काढ. या तासाभरात आज्ञार्थ, नकार आणि काळ एवढे वापरले जातात की वहीत ते उतरवायला आठवडा लागेल, आणि चुकलं तर मडक्याशी बसलेला माणूस लगेच मराठीतच सांगतो.

अशा शिबिरात रोज एक तास कातकरीचाही असावा. वाडीवरच्या बायाबापड्यांनी शिकवावं. परदेशी पाहुण्यांनी आणि तालुक्यातल्या पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी शेजारी बसून शिकावं. आणि त्या तासाचं मानधन मराठी शिकवणाऱ्याला मिळतं तेवढंच, रोख, वाडीवर पोचावं.