करार संपला, घर संपले काय?

घर भाड्याने देणे हा आज आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांच्या निर्वाहाचा भाग झाला आहे. जेथे वाडी होती तेथे चाळ उभी राहिली, चाळीच्या जागी इमारत आली; मुलगा आखातात गेला आणि त्याची सदनिका अकरा महिन्यांच्या करारावर दुसऱ्याच्या हाती गेली. या व्यवहाराबरोबर एक नैतिक प्रश्नही आपल्या दारी आला आहे. समजा, कराराची मुदत संपली. भाडेकरू दार ओढून गावी गेला आहे. त्याचे सामान आत आहे, आणि दाराची दुसरी किल्ली मालकाच्या कपाटात आहे. मालकाने ती लावून आत जावे काय?

पुष्कळांना हा प्रश्नच वाटत नाही. घर माझे, किल्ली माझी, मुदत संपलेली. मग विचारायचे कोणाला? हे उत्तर इतक्या सहजपणे ओठांवर येते की, त्यात काही तपासण्याजोगे आहे असे मनात येत नाही. आम्हांला मात्र ते तपासावेसे वाटते.

प्रथम मालकाच्या पदरात त्याचे माप पुरते घालू या. दिलेला शब्द मोडून दुसऱ्याच्या घरात ठाण मांडणे हा अन्याय आहे, आणि चोरी करू नको ही सातवी आज्ञा तेथेही लागू पडते. प्रत्येक मालक धनाढ्य आणि प्रत्येक भाडेकरू दीनवाणा, असे चित्र खरे नव्हे. एका खोलीच्या भाड्यावर औषधपाणी चालवणारी विधवा मालकीणच असते, आणि तिला दमात घेऊन भाडे बुडवणारा धडधाकट माणूस भाडेकरूच असतो. न्यायालयाची वाट लांब असते, वकिलाचा खर्च परवडत नाही, हेही खरे. तेव्हा घर परत मिळावे हा मालकाचा हक्क निर्विवाद आहे. प्रश्न एवढाच की, हक्क खरा असला म्हणजे तो बजावण्याची प्रत्येक रीत आपोआप न्याय्य ठरते काय?

आपल्या देशाच्या कायद्याने याचे उत्तर नकारार्थी दिले आहे. १९५४ साली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी असा निर्वाळा दिला की, भाडेकरार संपुष्टात आल्यावर भाडेकरूला राहण्याचा हक्क उरला नाही तरी त्याच्या ताब्याला कायद्याचे संरक्षण असते; मालकाने जागा घ्यायची ती कायद्याच्या मार्गानेच. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व उचलून धरले. ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नव्हे, हे खरे, पण त्याच्यासाठीही १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वेगळा मार्ग आखून दिला आहे. मुदतीनंतर जागा न सोडल्यास मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा, आणि जादा काळासाठी दुप्पट शुल्काने भरपाई मागावी. मालकी, हक्क आणि ताबा या तीन गोष्टी कायदा वेगळ्या ठेवतो. एक संपली म्हणजे दुसरी हातात आली असे होत नाही.

परंतु सदसद्विवेकाची मागणी कायद्याहून खोल असते. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात देव आपल्या लोकांना एक विलक्षण नियम घालून देतो. शेजाऱ्याला कर्ज दिलेस तर त्याचे गहाण आणण्यासाठी त्याच्या घरात शिरू नकोस. तू बाहेर उभा राहा, आणि तो स्वतः गहाणाची वस्तू बाहेर आणून तुझ्या हाती देईल. सावकाराचे येणे खरे आहे, वस्तू ठरलेली आहे. तरीही आज्ञा उंबरठ्याबाहेर थांबण्याची आहे. ती का असावी? आम्हांला वाटते, याचे कारण असे की, माणूस कर्जदार झाला म्हणून तो केवळ कर्जदार राहत नाही. त्या चार भिंतींच्या आत तो बाप असतो, पती असतो. लेकरांच्या देखत परका माणूस आत शिरून भांडीकुंडी चाळू लागला की, जे नाहीसे होते त्याची भरपाई कोणत्याही हिशेबाच्या वहीत होत नाही.

भाड्याच्या खोलीचेही असेच आहे. मालक भिंती, छप्पर आणि दार भाड्याने देतो. घर तेथे राहणारा माणूस करतो. उशीखाली ठेवलेले पत्र, मुलीचा शाळेचा दाखला, आजाऱ्याच्या औषधांची चिठ्ठी, कोपऱ्यातला देव्हारा किंवा पवित्र हृदयाची तसबीर, यांपैकी काहीही मालकाचे नाही. कराराची तारीख उलटली म्हणून त्या वस्तूंवरची माणसाची सावली पुसली जात नाही. किल्ली फिरवून आत गेलेला मालक कदाचित काडीलाही हात लावणार नाही. पण जे पाहण्याचा त्याला अधिकार नव्हता ते त्याने पाहिलेले असते. आणि तेच सामान त्याने गॅलरीत आणून टाकले, तर एका कुटुंबाचा संसार त्याने शेजाऱ्यांपुढे उघडा केलेला असतो.

ख्रिस्तसभा खाजगी मालकीच्या हक्काचे समर्थन करते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात ते ठामपणे केले. पण वस्तूची मालकी असणे वेगळे आणि तिचा मन मानेल तसा वापर करणे वेगळे, हेही त्यांनी तेथेच सांगितले. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात तर देव जमिनीच्या मालकांनाच बजावतो की, जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे राहणारे उपरे आहात. सातबाऱ्यावर नाव कोणाचेही असो, त्या वरच्या धन्यापुढे आपण सगळेच मुदतीवर राहणारे आहोत.

अपवाद नाहीत असे नाही. आतून धूर येत असेल, नळ फुटून खालच्या घरात पाणी गळत असेल, आत कोणी आजारी पडल्याची शंका असेल, तर दार उघडणे हे कर्तव्यच. तेथे आपण वाचवायला जातो, ताबा घ्यायला नव्हे. भाडेकरूने स्वतः किल्ली हाती दिली असेल तर प्रश्नच मिटला. तो न सांगता निघून गेला असे वाटत असेल, तर त्याला पत्र पाठवावे, त्याच्या नातलगांना विचारावे, जाणत्याचा सल्ला घ्यावा. आणि कायद्याच्या मार्गाने दार उघडायची वेळ आलीच, तर साक्षीदारांसमोर वस्तूंची यादी करून त्या जपून ठेवाव्यात. यात वेळ जाईल, चार पैसे जातील. न्यायाला किंमत पडते. ती नेहमी दुसऱ्यानेच मोजावी, अशी अपेक्षा आपण करू शकत नाही.

त्या जुन्या नियमाचे दुसरे अर्धे भाडेकरूसाठी आहे. सावकाराने बाहेर थांबावे, पण कर्जदाराने गहाण बाहेर आणावे. दार लावून आत बसण्याची मुभा त्याला दिलेली नाही. ठरल्या दिवशी सामान हलवावे, विजेचे बिल भरावे, खोली झाडून किल्ली हाती द्यावी. अडचण असेल तर मुदत संपण्यापूर्वीच तोंड उघडून सांगावे. संत पौल रोममध्ये दोन वर्षे भाड्याच्या घरात राहिला, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या अखेरीस नमूद आहे. भाडेकरू असण्यात कमीपणा नाही. आपलीही मुले आज परमुलखात भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्या पाठीमागे त्यांच्या खोलीचे दार कोणी उघडू नये, असे आपल्याला वाटतेच ना?

म्हणून आमचे उत्तर असे आहे. करार कागदावर संपतो. घर मात्र तेथे राहणारा माणूस आपल्या हाताने ते उचलून बाहेर आणतो तेव्हा संपते. तोवर मालकाची जागा उंबरठ्याच्या बाहेर आहे. तेथे उभे राहण्यात त्याचा हक्क जराही कमी होत नाही. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात स्वतः प्रभू दाराशी उभा राहून ठोठावतो. घर सर्वस्वी त्याचे आहे, आणि तरीही तो आतल्याने दार उघडण्याची वाट पाहतो.