स्मरणीयता आणि साक्ष : वृत्तछायाचित्राचा नैतिक प्रश्न

एखादे वृत्तछायाचित्र 'अविस्मरणीय' आहे असे म्हटले जाते, तेव्हा त्या विशेषणात दोन वेगळी विधाने एकत्र झालेली असतात. चित्र मनात टिकून राहते, हे पहिले. ते टिकून राहावे अशा योग्यतेचे आहे, हे दुसरे. पहिले विधान मानसशास्त्रीय आहे, दुसरे नैतिक. छायाचित्राविषयीच्या बऱ्याच लेखनात पहिल्यावरून दुसरे आपोआप सिद्ध होते असे गृहीत धरलेले आढळते. परंतु चित्र मनात टिकण्याची कारणे बहुधा रूपाची असतात : चौकटीची रचना, प्रकाश, देहाची मुद्रा, क्षणाची निवड. चित्रातल्या माणसाच्या मोलाशी त्यांचा संबंध असतोच असे नाही. तेव्हा जे मनात टिकले तेच स्मरणास पात्र, असे मानणे कितपत न्याय्य आहे, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे. मुंबईच्या दक्षिण आणि मध्य भागातील काही छायाचित्रांच्या आधारे तो तपासून पाहता येतो.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये 'मुंबई मिरर'चे सेबॅस्टियन डिसूझा यांनी घेतलेले अजमल कसाबचे छायाचित्र सर्वपरिचित आहे. पाठीवर पिशवी, हातात रायफल, पावलात संथपणा. त्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. एकट्या त्या स्थानकात पन्नासहून अधिक. त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा शहराच्या सामाईक स्मृतीत या चेहऱ्याइतका स्पष्ट नाही. त्याच रात्री गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे यांनी कसाबची रायफल धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि त्यामुळे तो जिवंत पकडला गेला. या क्षणाचे छायाचित्र नाही. मरणोत्तर अशोकचक्र मिळालेल्या ओंबळे यांचे लोकांना ठाऊक आहे ते गणवेशातील साधे छायाचित्र. त्यात त्यांच्या कृतीची पुसटशीही खूण नाही. मारेकऱ्याची कृती चित्रात राहिली, ती थांबवणारी कृती प्रत्यक्षदर्शींच्या शब्दांवर विसंबून राहिली. या विषमतेचे कारण एवढेच, की एका ठिकाणी कॅमेरा होता आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हता.

यात छायाचित्रकाराला दोष देण्याचे कारण नाही. उलट त्याच चित्राच्या पुढील प्रवासात एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. खटल्यात ते पुरावा म्हणून आले, ते केवळ चित्र म्हणून नव्हे. डिसूझा यांना साक्षीदार म्हणून उभे राहावे लागले. चित्र कोणी घेतले, कोठून घेतले, हे सांगावे लागले. २०१२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वृत्तछायाचित्रकारांच्या या कामगिरीची प्रशंसा केली. न्यायालयाला चित्राच्या स्मरणीयतेशी कर्तव्य नव्हते. त्यामागे उत्तरदायी माणूस उभा आहे की नाही, याच्याशी होते. मुखपृष्ठांवर आणि पडद्यांवर पुनःपुन्हा छापले जाणारे तेच चित्र मात्र कोणालाच उत्तरदायी नसते. ते साक्षीच्या पदावरून उतरून चिन्हाच्या पदावर येते, आणि चिन्हाची उलटतपासणी होत नाही.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मृत्युमुखी पडली. अरुंद जिन्यावर एकमेकांखाली दबलेल्या माणसांची चित्रे मोबाइलवरून तासाभरात शहरभर गेली. पूल किती अपुरा होता हे त्यांनी कोणत्याही निवेदनापेक्षा अधिक निःसंदिग्धपणे दाखवले, हे मान्य करावयास हवे. पण त्या चित्रांत कोणालाही नाव नाही. अशा दुर्घटनेनंतर वृत्तपत्रे घरोघर जाऊन मृतांची छायाचित्रे मिळवतात : ओळखपत्रासाठी काढलेले पासपोर्ट साइज, लग्नाच्या ग्रूप फोटोतून कापून घेतलेला चेहरा. हीच प्रतिमा पुढे मोठी करून चौकटीत बसवली जाते, तिला चंदनाचा हार घातला जातो, आणि लालबाग-परळच्या खोलीत ती भिंतीवर वर्षानुवर्षे राहते. वृत्तछायाचित्रात घटना उरते, माणूस उरत नाही. भिंतीवरच्या छायाचित्रात माणूस उरतो, परंतु तो कशाने गेला याचा मागमूस नसतो.

रोलाँ बार्थ यांनी १९८०च्या आपल्या छायाचित्रविषयक ग्रंथात आईच्या बालपणीच्या एका छायाचित्राचे विस्ताराने विवेचन केले, पण ते ग्रंथात छापले नाही. इतरांना ते सामान्य चित्रांपैकी एक वाटले असते. घरगुती छायाचित्राचा अर्थ नात्याबाहेर जात नाही, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. परंतु गिरणगावाचा इतिहास पाहता त्याला एक पुरवणी जोडणे आवश्यक ठरते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा गिरणी संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. सभा-मोर्च्यांची छायाचित्रे निघाली, पण त्यानंतरच्या दीर्घ ऱ्हासाला 'निर्णायक क्षण' नव्हता. गावी परतणे, दागिने मोडणे, मुलाची शाळा सुटणे यांपैकी काहीच बातमीच्या चौकटीत मावणारे नव्हते. आज त्या जगाच्या खुणा सापडतात त्या सामान्य स्नॅपमध्ये : चाळीच्या गॅलरीत उभ्या असलेल्या कुटुंबामागे अनवधानाने आलेले गिरणीचे धुराडे, गिरणीच्या ओळखपत्रावरचा तरुण चेहरा. काढणाऱ्याच्या हेतूत नसलेला अर्थ काळाने त्यांच्यात भरला. स्मरणीयतेचा निकष लावला असता तर त्यांतले एकही चित्र निवडले गेले नसते.

यावर एक आक्षेप संभवतो. स्मरणीयतेवर संशय घेतला तर अन्याय पाहण्याची उरलीसुरली संधीही जाईल. ज्याला धक्का बसत नाही तो कृतीही करीत नाही. आक्षेप बिनतोड नसला तरी निराधारही नाही. मात्र धक्क्याची किंमत कोण मोजतो, हेही विचारले पाहिजे. २००२च्या गुजरात दंगलीत हात जोडून याचना करणाऱ्या कुतुबुद्दीन अन्सारी यांचे छायाचित्र जगभर गेले. ते प्रतीक झाले, आणि त्या प्रतीकाच्या ओझ्याखाली या शिंप्याला काही काळ अहमदाबाद सोडून कोलकात्यात राहावे लागले. छायाचित्राने त्याच्यावरील संकटाची साक्ष दिली. पण त्या एका क्षणाबाहेर जगण्याची त्याची वाटही अवघड केली.

म्हणून चित्र घ्यावे की घेऊ नये, एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. चित्र घेणाऱ्याची जबाबदारी न्यायालय किंवा संपादक निदान अंशतः तपासू शकतात. पाहणाऱ्याची जबाबदारी तपासणारे कोणी नाही. त्याच्याकडून अपेक्षित आहे ते हळहळणे नव्हे. मनात आपोआप टिकलेल्या चित्राशेजारी जे टिकले नाही ते प्रयत्नपूर्वक आणून ठेवणे, एवढेच त्याचे कर्तव्य : कसाबच्या चित्राशेजारी गणवेशातला साधा चेहरा, पुलावरच्या गर्दीशेजारी पासपोर्ट साइजच्या त्या रांगा, मोर्च्याच्या चित्राशेजारी गॅलरीतले कुटुंब. टिकून राहणे हा चित्राचा गुण आहे. त्याचे श्रेय पाहणाऱ्याला घेता येत नाही. स्मरण हे मात्र पाहणाऱ्याचे काम आहे, आणि ते चित्रावर सोपवता येत नाही.